१५८चे १६३: एका एस्थेटिक कन्सल्टंटचं प्रकरण

ती माझ्या वकिलीच्या ऑफिसात आली तेव्हा ग्राहक आयोगाची नोटीस मिळून तिला २६ दिवस झाले होते. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दाखल करायची असते, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवस उलटले की मुदत वाढवून देणं आयोगाच्याही हातात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ती जिथे नोकरी करत होती त्या क्लिनिकने सांगितलं होतं, "तू टेन्शन घेऊ नकोस, आपले वकीलसाहेब दोघांचं मिळून बघतील." मग एका मैत्रिणीने क्लिनिकच्या कैफियतीचा मसुदा तिला गुपचूप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यातल्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की जाबदेणार क्र. २ यांनी आपल्या अधिकाराबाहेर जाऊन व व्यवस्थापनाच्या माहितीशिवाय तक्रारदारास आश्वासने दिली.

जाबदेणार क्र. २ म्हणजे ती.

क्लिनिकचं नाव, गाव आणि ओळख पटेल असं काहीही इथे देत नाही. लिहायला तिने परवानगी दिली आहे. प्रकरण पुढे मध्यस्थीत गेलं. त्या खोलीत कोण काय बोललं ते गोपनीय असतं, तेव्हा ते दार मी बंदच ठेवणार आहे. बाहेरचं जेवढं आहे तेवढं पुरे आहे.

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

तक्रारदार ३४ वर्षांची, बँकेत नोकरीला. तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरअखेर, धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं. इन्स्टाग्रामवर तिला जाहिरात दिसली: 'यूएस एफडीए मान्य तंत्रज्ञान, एका सिटिंगमध्ये ६ सेमीपर्यंत कमी. डाएट नाही, व्यायाम नाही.' तिने फॉर्म भरला. दहा मिनिटांत फोन आला आणि दुपारी तीन वाजता ती क्लिनिकमध्ये होती.

माझी अशील तिथे 'सीनियर एस्थेटिक कन्सल्टंट'. बी.एस्सी. झालेली, त्यावर एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी डिप्लोमा. पगार २२ हजार, वर इन्सेन्टिव्ह. अंगावर पांढरा कोट. हा कोट सगळ्यांनाच दिलेला होता, रिसेप्शनच्या मुलीलाही. केबिनमध्ये बीपीचं यंत्र, भिंतीवर मानवी त्वचेच्या थरांचा तक्ता. ती कधीच स्वतःला डॉक्टर म्हणाली नाही. तक्रारीत मात्र सात ठिकाणी 'डॉक्टरांनी सांगितले' असं आहे आणि त्या सातही ठिकाणी बोलणारी हीच आहे. मी विचारलं, "ती तुम्हाला डॉक्टर म्हणत होती तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही मॅडम. सगळेच म्हणतात."

वजन केलं, उंची मोजली. ७९ किलो, १५८ सेंटिमीटर. असेसमेंट कार्ड दोन पानी असतं, वरचं पांढरं क्लिनिकला, खाली कार्बनची गुलाबी प्रत क्लायंटला. गुलाबी प्रत फाडून तिने तक्रारदार ताईंच्या हातात दिली, ताईंनी ती पर्समध्ये ठेवली. मग आकडे संगणकात टाकले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, आला ३१.६ आणि चौकट लाल झाली.

चौकट लाल झाली की पॅकेज 'होल्ड'वर जातं. डॉक्टरांनी तपासून सही केल्याशिवाय बिल निघत नाही. सॉफ्टवेअरची ही सोय चांगलीच म्हणायची. निदान ते बसवणाऱ्याला काहीतरी कळत होतं. अडचण एवढीच की डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. आज शनिवार. शिवाय महिन्याचा शेवटचा दिवस.

त्या दिवशी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मॅनेजरने क्लिनिकच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तिच्या फोनमध्ये होता: 'आज ३१. प्रत्येकीने किमान दोन क्लोजिंग. डॉक्टर नाहीत हे कारण चालणार नाही.'

इन्सेन्टिव्हचं गणित मी तिच्याकडून कागदावर करून घेतलं. महिन्याची विक्री ५ लाखांच्या आत राहिली तर दीड टक्का, पुढे गेली तर सगळ्या रकमेवर तीन टक्के. त्या दुपारी ती ४ लाख ४० हजारांवर उभी होती. तिथेच थांबली असती तर ६,६०० रुपये. समोर बसलेल्या ताईंचं ८५ हजारांचं पॅकेज झालं तर विक्री ५ लाख २५ हजार आणि इन्सेन्टिव्ह १५,७५०. फरक ९,१५० रुपये.

तिने उंचीच्या रकान्यात ५८वर ६३ गिरवलं. संगणकात १६३ टाकलं. बीएमआय २९.७ झाला आणि चौकट हिरवी.

अठरा टक्के जीएसटी धरून बिल झालं १ लाख ३०० रुपये. 'नो कॉस्ट ईएमआय'चं कर्ज तिथल्या तिथे टॅबवर मंजूर झालं. त्याच टॅबवर चार पानी इंग्रजी संमतीपत्रकावर बोटाने अकरा ठिकाणी सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिलं सिटिंग झालं. मशीन चालवलं टेक्निशियनने. डॉक्टरांची सही आहे ३ सप्टेंबरची, मंगळवारची. म्हणजे पोटाला मशीन लागून दोन दिवस झाल्यावर डॉक्टरांनी 'तपासून योग्य' असं लिहिलं, आणि पेशंट त्या दिवशी बँकेत काउंटरवर होती.

तीस हा आकडा कुठून आला

चरबी गोठवण्याच्या या उपचाराला बोलीत 'फॅट फ्रीझिंग' म्हणतात. कातडीखालच्या चरबीच्या पेशी थंडीला आजूबाजूच्या पेशींपेक्षा लवकर बळी पडतात, आणि मेलेल्या पेशी शरीर पुढच्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू साफ करतं. पोटाचा एखादा वळसा, कमरेची बाजू, हनुवटीखालची पिशवी एवढ्यापुरतं हे आहे. वजन कमी करायचा हा उपाय नाही. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, ज्या 'कूलस्कल्प्टिंग' मशीनला मान्यता दिली ती शरीराच्या ठरावीक भागांसाठी आणि बीएमआय ३० किंवा त्याखाली असलेल्यांसाठी. क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमधली लाल चौकट तिथून आलेली.

आणि त्यांचं मशीन? मी त्याचा फोटो मागवला. मागच्या बाजूच्या पट्टीवर भलत्याच कंपनीचं नाव होतं. जाहिरातीत 'मान्य मशीन' असं नव्हतंच, 'मान्य तंत्रज्ञान' असं होतं. मान्यता विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट उपकरणाला, विशिष्ट वापरासाठी मिळते. तंत्रज्ञान नावाच्या हवेला मिळत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार, म्हणून तर त्याने तो शब्द निवडला. कन्सल्टंटला ठाऊक नव्हतं. ती ताईंना म्हणाली, "आपलं मशीन यूएस एफडीएचं आहे ताई."

दुसरं सिटिंग ६ ऑक्टोबरला. त्यानंतर डाव्या कुशीवर तळहाताएवढा भाग लाल झाला, फोड आले, मग तिथे तपकिरी डाग राहिला. दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलं की थंडीमुळे भाजल्यासारखी इजा झाली आहे व त्यानंतर काळपटपणा आला आहे. कातडी आणि मशीन यांच्यामध्ये जेलचा पॅड नीट बसला नाही तर असं होतं. पॅड कसा लावला होता याची नोंद कुठेच नव्हती. कंबर किती कमी झाली? क्लिनिकच्या नोंदीप्रमाणे ५ सेंटिमीटर. घरच्या टेपने, अर्धा सेंटिमीटर.

या टेपबद्दल तिने मला जे सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी टेप बेंबीवरून धरायची, सैल, श्वास सोडलेला. नंतरच्या वेळी बेंबीच्या वर दोन बोटं, किंचित ताणून, आणि मोजता मोजता क्लायंटला काहीतरी विचारायचं म्हणजे ती सरळ उभी राहते. "ट्रेनिंगमध्ये असंच दाखवलं होतं?" "ट्रेनिंगमध्ये नाही. सीनियर मुली दाखवतात."

बोललेलं वाक्यही जाहिरातच

३१ ऑगस्टच्या रात्री ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, 'नक्की फरक पडेल ना? एवढे पैसे आहेत.' उत्तर गेलं: 'ताई १०० टक्के. ६ सेमी तर जाणारच. गॅरंटी माझी.'

क्लिनिकचा बचाव असा की जाहिरातीत 'पर्यंत' हा शब्द आहे, गॅरंटी आम्ही दिली नाही, तिने दिली. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटी हमी हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाच एक प्रकार आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट व इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेलं कथनही येतं. त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये, योग्य चाचणीचा आधार नसताना दिलेली परिणामाची हमी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नोकराने कामाच्या ओघात, मालकाच्या धंद्यासाठी दिलेला शब्द मालकाला चिकटतो. हे तत्त्व जुनं आहे, व्हॉट्सअ‍ॅपने ते बदललेलं नाही.

माझा आवडता कायदा मात्र याहून कितीतरी जुना, १९५४चा: औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. ज्या तक्रारींवर उपायाची जाहिरात करू नये त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. आणि 'जाहिरात' म्हणजे काय? कागदी पत्रक, लेबल, वेष्टन, आणि तोंडी केलेली किंवा प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही. धूर! कुणीतरी आकाशात विमानाने अक्षरं लिहील, ही शक्यतासुद्धा त्या मसुदाकारांनी सोडली नव्हती. केबिनमध्ये एकीने दुसरीला सांगितलेलं वाक्य 'घोषणा' ठरतं का, आणि मशीन त्या कायद्यातलं 'औषध' ठरतं का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. पण पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद असलेला कायदा आपल्या टेबलाच्या इतका जवळ आहे, हे त्या टेबलामागे बसणाऱ्या शंभरांतल्या दहा जणींनाही माहीत नसेल.

आमचं प्रकरण आयोगासमोर असतानाच, जून २०२५ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने व्हीएलसीसी लिमिटेडला याच विषयावर ३ लाख रुपये दंड केला. 'एका सेशनमध्ये ६०० ग्रॅम आणि ७ सेमीपर्यंत' अशा त्यांच्या जाहिराती होत्या. काया लिमिटेडलाही त्याआधी तेवढाच दंड झाला होता. प्राधिकरणाने दोन गोष्टी नेमक्या पकडल्या. पहिली, मान्यता ठरावीक भागांपुरती आणि बीएमआय ३०पर्यंतच, तर जाहिरात अख्ख्या शरीराच्या वजनाची. दुसरी जास्त मोलाची: अमेरिकेत सादर केलेल्या चाचण्यांत सहभागी फक्त ५७ होते आणि त्यांत भारतीय वा आशियाई कुणीच नव्हतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर छोट्या इजेनंतरही डाग राहण्याचं प्रमाण जास्त असतं. ताईंच्या कुशीवरचा डाग त्या ५७ जणांच्या आकड्यांतून आधी दिसणं अवघडच होतं.

बातमी तिनेच मला फॉरवर्ड केली, खाली फक्त 'मॅडम' एवढंच लिहून.

संमती कुणी घेतली

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल दिला. दिल्लीच्या दवाखान्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं, ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नाही. आणि संमती खरी असायची तर उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, न केल्यास काय, हे आधी सांगितलेलं असलं पाहिजे. डॉक्टरांचा हेतू चांगला असणं पुरत नाही.

तिथे निदान डॉक्टर खोलीत होते. इथे धोके, पर्याय, मर्यादा हे सगळं बोलायची जबाबदारी अशा बाईवर टाकली गेली जिचा पगार समोरची 'हो' म्हणण्यावर ठरतो. ताई बँकेत आहेत, इंग्रजी वाचतात, त्यांनी वाचूनच सही केली असणार, असा क्लिनिकचा युक्तिवाद. टॅबच्या लॉगमध्ये अकरा सह्यांना लागलेला वेळ एक मिनिट चाळीस सेकंद आहे. कर्जाचा फॉर्म बँकेतली बाई जास्त वेळ वाचते.

मशीनचं बटण कुणी दाबावं हा वादाचा मुद्दा आहे, सुईच्या बाबतीत मात्र नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाबाबत स्पष्ट लिहिलं की यूट्यूब बघून वा कार्यशाळेत बसून हे शिकता येत नाही, ते प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं. तिच्याच केबिनमधून 'ब्राइटनिंग'च्या नावाखाली ग्लुटाथायोनचे ड्रिप विकले जात, आणि तिला ते 'कॉस्मेटिकमध्ये येतं' असं सांगितलेलं. आपल्या औषध कायद्यातली सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या बघा: अंगावर चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं किंवा आत घालायचं. पण त्या शेवटच्या शब्दाच्या आधारे शिरेत सोडलेल्या गोष्टीला प्रसाधन म्हणणं टिकणं अवघड. हे प्रकरण ड्रिपचं नव्हतं हे तिचं नशीब. तसं असतं तर नोंदणी नसताना वैद्यकी केल्याचा आरोप आला असता, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये त्याला वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

पण मशीन असो वा सुई, 'या शरीराला हा उपचार योग्य आहे का' हे ठरवणं माझ्या मते वैद्यकीच आहे. शनिवारी दुपारी ते ठरलं. ठरवणारी ती. मंगळवारची सही हा त्या निर्णयावर मारलेला शिक्का.

मजा अशी की डॉक्टरला नियम आहेत. २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरला रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही, रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देता-घेता येत नाही. २०२३चे नवे नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले, तेव्हा आजही जुनेच चालू. क्लिनिकचा मालक मात्र डॉक्टर नव्हता, त्याचा मूळ धंदा बांधकामाचा. गुमास्ता परवान्यावर दुकान उघडलेलं. म्हणून तो बिनधास्त जाहिरात करत होता, आणि आजूबाजूच्या पाच पार्लरवाल्या ताईंना क्लायंट पाठवण्याचा पाच टक्के कट जात होता. डॉक्टरने केलं असतं तर नोंदणीवर गदा. मालकाला ग्राहक कायदा लागतो. आणि कन्सल्टंट? तिच्या पदाची ना परिषद, ना नोंदवही, ना आचारसंहिता. तिला कुणी काही शिकवलं असेल तर ते टेप कुठे धरायची ते.

गळ्यातलं मंगळसूत्र

प्रकरणाचा हा भाग तक्रारीत नव्हता. तिचा फोन बघताना मला सापडला. ताईंना पटवताना तिने आपल्या मोबाइलमधले आधीच्या क्लायंट्सचे 'आधी-नंतर'चे फोटो दाखवले होते. गॅलरीत १४० च्या वर फोटो. चेहरे कापलेले. पण एका फोटोत बाईंच्या गळ्यात वेगळ्याच घडणीचं मंगळसूत्र, कमरेवर तीळ. गाव लहान असेल तर नणंदसुद्धा ओळखेल.

"परवानगी घेतली होती?"

"संमतीपत्रकात एक ओळ असते ना मॅडम, फोटो वापरू शकतो म्हणून."

ती ओळ नवव्या सहीच्या वर होती, उपचाराच्या संमतीत मिसळलेली. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं हीसुद्धा २०१९च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ तर संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं टप्प्याने लागू व्हायची आहेत. क्लिनिक उद्या म्हणेल की फोटो आमच्या सर्व्हरवर नव्हते, तिच्या खासगी फोनमध्ये होते. मी तिला फोटो लगेच पुसू नका म्हटलं, कारण प्रकरण चालू असताना पुसणं वेगळंच दिसतं. दुसऱ्या कुणाला दाखवायचेही नाहीत. यादी करून क्लिनिकला लेखी कळवलं की हे फोटो माझ्याकडे कामासाठी आले, यांचं काय करायचं ते सांगा. उत्तर आलं नाही. प्रकरण मिटल्यावर तिने ते माझ्यासमोर पुसले.

मी काय केलं, आणि काय करता आलं नाही

पहिलं काम, वेगळं वकीलपत्र. एकाच वकिलाने दोघांचं बघणं आणि कैफियतीत एकाने दुसऱ्यावर ढकलणं, ही गोष्ट तिला न सांगता होत होती. नोकरीवरच्या माणसाला मालकाचा वकील आपला वाटतो. तो मालकाचा असतो.

१५८चे १६३ यावर मी दोन रात्री घालवल्या. तक्रारदाराने गुलाबी प्रत जोडली होती, क्लिनिकने पांढरी. आयोगासमोर दोन्ही शेजारी शेजारी पडणार होत्या. तिला नाकारायचं होतं. "टेक्निशियनने केलं असेल असं म्हणू?" मी नाही म्हटलं. दुसरीकडे, असा बदल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३५-३३६ च्या, म्हणजे खोटा दस्तऐवज बनवण्याच्या, उंबरठ्यापर्यंत जातो. तेव्हा कबुलीचा फास तिच्या गळ्यात माझ्याच हाताने घालणंही बरोबर नव्हतं. शेवटी आम्ही लिहिलं: मूळ मोजलेली उंची १५८ सेंटिमीटर आहे, पांढऱ्या प्रतीतील नोंद नंतर बदललेली आहे. वाक्य खरं होतं. पुरतं खरं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

कैफियतीसोबत मॅनेजरचा दहा वाजून चार मिनिटांचा मेसेज जोडला, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह. 'व्यवस्थापनाच्या माहितीशिवाय' हे चौथ्या परिच्छेदातलं वाक्य त्यानंतर फारसं उभं राहत नव्हतं.

क्लिनिकच्या वकिलांनी एक चांगला मुद्दा काढला होता: हे वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण आहे, तज्ज्ञांचा अहवाल आणा. तक्रारदाराच्या वकिलांनी प्रत्युत्तरात बिलाची प्रत पुढे केली. आरोग्यसेवेवर जीएसटी नसतो. केशरोपण, कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीतून वगळली आहे, जन्मजात व्यंग वा इजा दुरुस्त करायची असेल तेवढं सोडून. तुम्ही अठरा टक्के लावून सौंदर्यसेवा विकलीत, आता पैसे परत मागितल्यावर दवाखाना झालात? कायद्याने हा युक्तिवाद अभेद्य नाही. कर लागला म्हणून उपचार उपचार राहत नाही असं काही नाही. पण वाचताना मला हसू आलं आणि त्यांच्या वकिलांनी पुढच्या तारखेला मध्यस्थीची तयारी दाखवली.

जुलै २०२५ मध्ये मिटलं. ताईंना पैसे मिळाले. त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं जी बँकेतलीच बाई ठेवू शकते: परतावा माझ्या खात्यात नको, आधी फायनान्स कंपनीचं कर्ज बंद करा, ना-हरकत दाखला आणा, सिबिलवर 'सेटल्ड' दिसता कामा नये, 'क्लोज्ड' दिसलं पाहिजे. अनेक जण परतावा घेतात आणि पुढे हप्ते चालूच राहतात.

माझ्या अशिलाचा दोन महिन्यांचा पगार आणि तो १५,७५०चा इन्सेन्टिव्ह क्लिनिकने 'नुकसानभरपाई' म्हणून अडवला होता. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियमाप्रमाणे नोकराच्या ताब्यात दिलेल्या मालाचं वा हिशोबाच्या पैशांचं, त्याच्या हलगर्जीपणाने झालेलं नुकसान पगारातून कापता येतं, पण त्याला आधी म्हणणं मांडायची संधी देऊनच. ती दिलेली नव्हती. नोटीस गेली आणि पगार आला. इन्सेन्टिव्हसाठी मी भांडले नाही. तिनेही आग्रह धरला नाही.

तिची चूक क्लिनिकने पदरात घातली म्हणून ती धुतली जात नाही, असं मी तिला एकदा म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, त्या ताई लग्नात नऊवारी नेसणार होत्या. डाग दिसेल म्हणून सहावारी नेसायचं ठरवलं. हे त्यांनी नोटिशीत लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. ताईंनी ते तिला फोनवर सांगितलं होतं, ऑक्टोबरात, ती अजून त्यांना डॉक्टर वाटत होती तेव्हा.

दिवाळीनंतर तिला दुसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली. मालकीण स्वतः त्वचारोगतज्ज्ञ. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी तिने मला तीन ओळी लिहून मागितल्या. पहिली: डॉक्टरांनी तपासून लेखी नोंद केल्याशिवाय मी पॅकेजचा दर सांगणार नाही. दुसरी: मी पांढरा कोट घालणार नाही आणि बिल्ल्यावर 'डॉक्टर नाही' असं मराठीत असेल. तिसरी: इन्सेन्टिव्ह महिन्याच्या विक्रीच्या टप्प्यावर ठरणार नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्या दोन ओळी मंजूर, तिसरी तिथल्या मॅडमनी पेनने काटली आहे. टप्पे दोन होते ते तीन केलेत. सही करू का, असं विचारत होती.

"डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतात?"

"रोज. शनिवारीपण."

"आणि त्या आल्या नाहीत, त्या दिवशी महिनाअखेर असली तर?"

"ते विचारायचं राहिलं," ती म्हणाली. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, पेशंट आलाय म्हणून.